बाळू पालवणकर आणि कप्तानीचे देणे

ज्या गृहस्थाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे, त्यांच्या पहिल्या नोकरीचा पगार महिना तीन रुपये होता. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबाचे मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा आणि सभासदांस सरावाची लहर आली म्हणजे त्यांस चेंडू टाकावे, हे त्यांचे काम. हा मुलगा म्हणजे बाळू पालवणकर. पुढे इंग्रजी धावफलकांवर ‘पी. बाळू’ ह्या नावाने ते छापले जाऊ लागले, आणि हिंदुस्थानातील पहिला थोर गोलंदाज कोण असा प्रश्न निघाला म्हणजे जाणते लोक त्यांचेच नाव घेतात. परंतु त्यांनी किती गडी बाद केले एवढे मोजण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आमच्या व्यापारी वाचकांस एक गोष्ट सांगावी लागणार नाही: दुसऱ्याचा माल उचलावयाचा, त्यावर नफा कमवावयाचा आणि किंमत मागताच उद्या या म्हणावयाचे, ह्या व्यवहारास पेढीवर काय म्हणतात ते त्यांस ठाऊक आहे. बाळूंच्या हातचा माल हिंदू समाजाने वीस वर्षांहून अधिक काळ उचलला. त्याची किंमत किती दिली, केव्हा दिली आणि कोणाच्या हाती दिली, हे आज पहावयाचे आहे.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातील पालवण. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला. घराणे चर्मकाराचे. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले, आणि पुण्याच्या लष्कर भागात गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे भाऊ खेळू लागले. शाळा फार दिवस चालली नाही. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, तेव्हा थोरल्या मुलाने कमवावयास लागावे ह्यात नवल ते काय. विशेष एवढेच की, ज्या समाजास देवळाची पायरी व गावची विहीर बंद, त्या समाजातील मुलाला पोट भरण्यासाठी जे काम मिळाले ते नेमके साहेबाच्या खेळाच्या मैदानावरचे होते.

१८९२ च्या सुमारास पारशी क्लब सोडून ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार एक रुपयाने वाढून चार झाला. रूळ फिरवणे, जाळी बांधणे, टेनिसच्या पटांगणावर रेषा आखणे ही कामे तेथेही होतीच. परंतु ह्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे एक निष्णात फलंदाज होते. इतर सभासद येण्यापूर्वी ते जाळीत येत आणि बाळूंस तासन् तास गोलंदाजी करावयास लावीत. ग्रेग साहेबांस बाद केले की बाळूंस आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असल्यास महिन्यात आठ वेळा साहेबांची दांडी उडाली की पगार दुप्पट झाला! आख्यायिका सोडली तरी एक गोष्ट उघड आहे. रोज उत्तम फलंदाजापुढे शेकडो चेंडू टाकण्याची अशी तालीम त्या काळी कोणाही श्रीमंताच्या मुलाला पैसे मोजूनही मिळाली नसती. बाळू डावखुरे, गोलंदाजी संथ. चेंडू दोन्ही बाजूंस वळविण्याची हातोटी, टप्प्यावर विलक्षण ताबा, आणि एकाच धाटणीने हात फिरवीत वेग व उंची बदलण्याचे कसब. हे सारे त्या जाळीत घडले. मात्र त्याच जाळीत त्यांच्या हाती बॅट कधी कोणी दिली नाही. फलंदाजी हे सभासदाचे सुख आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, असा तेथील वाटणीचा कायदा होता. पुढे बाळूंनी मोठ्या सामन्यांत उपयुक्त धावाही काढल्या. त्या सरावावाचून काढल्या, हे लक्षात ठेवावे.

पुण्यातील हिंदूंचा क्लब युरोपियनांशी सामने खेळत असे आणि जिंकण्याची त्यास फार हौस होती. गावातील सर्वांत चांगला हिंदू गोलंदाज कोण हे गुपित नव्हते. तो गोऱ्यांच्या क्लबात रूळ ओढीत होता. त्यास आपल्या संघात घ्यावे की नाही ह्यावर वाद माजला. काहींस जातीचा विटाळ आड आला, काहींस जिंकण्याची इच्छा अनावर झाली. शेवटी इच्छेने विटाळावर मात केली व बाळू संघात आले. आता ते कसे आले तेही पहा. मैदानावर ते सर्वांच्या बरोबरीने उभे रहात. चहाची वेळ झाली म्हणजे इतर खेळाडू मंडपात बसून चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत, आणि बाळूंस तो मंडपाबाहेर, पिऊन फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून मिळे. हातपाय धुवावयाचे झाले तर त्यांच्याच समाजातील एखादा चाकर वेगळे पाणी आणून देई. जेवणाचे पान निराळे, मेज निराळे. डाव पुन्हा सुरू झाला की ते पुन्हा बरोबरीचे!

ह्या व्यवस्थेत जी विसंगती आहे तिच्याकडे तेव्हाच्या शास्त्रनिष्ठ मंडळींनी कसे पाहिले असेल ह्याचे आम्हांस कुतूहल वाटते. क्रिकेटच्या चेंडूचे आवरण कातड्याचे. ते कातडे कमावणारा व शिवणारा अस्पृश्य. ते हाती घेऊन फेकणाराही येथे अस्पृश्य. परंतु चेंडू हवेतून जाऊन यष्टिरक्षकाच्या हातमोज्यात विसावला की ब्राह्मण झेल घेऊन आनंदाने ओरडे, आणि कोणास स्नान करावे लागत नसे. विटाळ चहाच्या पेल्याला होता, झेलाला नव्हता. ज्या रूढीस आपण अनादि व अढळ म्हणतो ती गरजेपुरती किती लवचिक असते, ह्याचा हा उघड्या मैदानावरील दाखला होय.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला तेव्हा, बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर आधीपासून रूळ फिरविण्यात आला, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले व पुणेकर जिंकले. रूळ फिरवून खेळपट्टीचे काय होते हे त्या मैदानावर बाळूंपेक्षा अधिक कोणास ठाऊक असणार! ह्या विजयानंतर न्यायमूर्ती रानडे ह्यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला आणि पुढे लोकमान्य टिळकांनीही एका सभेत त्यांची स्तुती केली, असे चरित्रकार लिहितात. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, ह्यावर ज्या दोन पक्षांचे हाडवैर, त्या दोन्ही पक्षांचे धुरीण एका चर्मकार तरुणाच्या गळ्यात हार घालण्यापुरते एकत्र येतात, ही गोष्ट पुण्यात तरी अपूर्वच. पण हार घालणे सोपे असते. पेला पुढे करणे कठीण.

१८९६ साली मुंबई इलाख्यात प्लेग आला आणि पुण्यातही घरेच्या घरे ओस पडू लागली. त्या धामधुमीत बाळू मुंबईस आले. तेथे १८९४ साली समुद्रकाठी स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या दारातही तोच वाद पुन्हा झाला. काही सभासदांचा विरोध होता, परंतु कप्तानाने आग्रह धरल्यामुळे तो मागे पडला. पुढे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांस नोकरी मिळाली व तिच्या संघातूनही ते खेळू लागले. मुंबईत एक फरक पडला व तो लहान नव्हे. पुण्यास जो पेला मंडपाबाहेर होता तो येथे आत आला. जिमखान्याच्या उपाहारगृहात पालवणकर बंधू इतरांबरोबर बसून खाऊपिऊ लागले. शहर मोठे, माणसे नाना देशींची, ट्रामगाडीत शेजारी कोण बसला हे विचारावयास फुरसत नाही. शहराच्या गर्दीने जे काम केले ते शास्त्रार्थाच्या दहा सभांनीही झाले नसते, असे आमचे मत आहे.

मग १९०६ चा फेब्रुवारी महिना उजाडला. मुंबईत हिंदू व युरोपियन ह्यांच्यात पहिलाच मोठा सामना ठरला. पारशांनी गोऱ्यांस पूर्वीच हरविले होते. हिंदूंची ही पहिली परीक्षा. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. उरलेल्या धावा काढणे गोऱ्यांस अवघड वाटले नसावे, पण त्यांचा डाव १०२ धावांतच आटोपला व हिंदू १०९ धावांनी जिंकले. गोऱ्यांचा कणा मोडण्याचे काम प्रामुख्याने बाळूंच्या डाव्या हाताने केले. त्यांचे बंधू शिवराम हेही त्याच संघात होते. वंगभंगाची चळवळ भर जोरात असलेला तो काळ. साहेबास त्याच्याच खेळात हरविले ह्याचा आनंद मैदानाबाहेर किती दूर पसरला असेल, ह्याची कल्पना वाचकांनी करावी.

त्या विजयावर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ ह्या पत्रात के. नटराजन ह्यांनी जे लिहिले त्याचा आशय आजही वाचण्याजोगा आहे. जिंकण्याहूनही मोठी गोष्ट त्यांस ही वाटली की, हिंदूंनी चर्मकार बंधूंस आपल्या पंक्तीस घेतले. आणि पुण्याचा वेगळा पेला व मुंबईची एकत्र पंगत ह्यांतील अंतर त्यांनी मोजून दाखविले. नटराजन ह्यांचा आनंद खरा होता, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्यांच्या आशेची हुंडी किती दिवसांनी वटली हे पाहणे आपल्या वाट्यास आले आहे.

कोणी म्हणेल की, खेळाने आपोआप भेद मोडले, मग सुधारकांनी गळा काढण्याचे कारण काय? ह्यास आमचे उत्तर पुढील पंधरा वर्षांच्या हकिकतीतच आहे. तत्पूर्वी विलायतेची सफर सांगितली पाहिजे, कारण बाळूंच्या कीर्तीचा तो कळस होय.

१९११ साली पारशी, हिंदू व मुसलमान ह्यांचा मिळून एक ‘ऑल इंडिया’ संघ प्रथमच इंग्लंडास गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग; वय अवघे एकोणीस. त्या वर्षी बादशहा पंचम जॉर्ज ह्यांचा राज्यारोहण समारंभ लंडनात होता, आणि महाराजांस मेजवान्या, भेटी व समारंभ ह्यांतून खेळावयास फारसा वेळ मिळाला नाही. मोठ्या दर्जाचे सामने चौदा झाले; त्यांत दहा हरले, दोन अनिर्णित राहिले व दोनच जिंकले. एवढ्यावरून सफर फुकट गेली असे म्हणता येईल, पण बाळूंचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्यांचे वय तेव्हा पस्तीस. खांदा दुखत असे. त्या वर्षीचा विलायती उन्हाळा असा कडक की तेथील लोकांस त्याची आठवण पुढे कित्येक वर्षे राहिली. म्हणजे ओल्या मातीवर चेंडू वळण्याची जी मदत फिरकी गोलंदाजाने इंग्लंडात अपेक्षावी तीही पुरती मिळाली नाही. असे असता सर्व सामने मिळून त्यांनी ११४ गडी बाद केले, त्यांपैकी ७५ मोठ्या दर्जाच्या सामन्यांत, दर गड्यामागे वीस धावांच्या जेमतेम वर देऊन. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ, लॉर्ड्सवर एम. सी. सी. विरुद्ध ९६ धावांत चार. लिस्टरशायरविरुद्ध त्यांनी अकरा गडी बाद केले आणि हिंदी संघाने पहिला विजय पाहिला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध, केवळ एक गडी राखून. त्यात नाबाद ११३ धावा काढणारे कोण, तर बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम. दोन्ही विजयांवर एकाच चर्मकार घराण्याची मोहोर आहे, ही गोष्ट सफरीच्या वृत्तांतांतून सहसा एवढ्या स्पष्टपणे सांगितली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवीत आहो.

ह्याच संघात मद्रासचे शेषाचारी यष्टिरक्षक होते. बाळूंचा चेंडू फलंदाजास चकवून जेथे जाई तेथे शेषाचाऱ्यांचे हात तयार असत. बोट, गाडी, उतारा, जेवण, सगळे काही महिने एकत्र. समुद्र ओलांडल्यामुळे जे पाप लागावयाचे ते सर्वांस सारखेच लागले असल्यामुळे कोणी कोणास हिणविण्याची सोय उरली नसावी.

परत आल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला व त्यांस मानपत्र अर्पण केले. ते मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ज्या मुलांस शाळेत पाणी वरून ओतून मिळे, त्यांच्या दृष्टीने साहेबाच्या देशात साहेबास बाद करून आलेला आपला माणूस म्हणजे काय असेल, हे सांगण्यास शब्द पुरे पडणार नाहीत. आणि बाळूंविषयी आंबेडकरांस वाटणारा आदर त्या काळी निखळ होता. ह्या दोघांची पुढे कोठे गाठ पडली ते शेवटी येईल.

आता मुख्य देण्याकडे वळू. क्रिकेटात कप्तान म्हणजे केवळ नाणे उडविणारा गृहस्थ नव्हे. कोणी केव्हा गोलंदाजी करावी, कोणी कोठे उभे रहावे, हे तो ठरवितो. बाकीचे दहा जण त्याची आज्ञा मानतात. म्हणजे बाळू कप्तान झाले तर ब्राह्मणाने, प्रभूने, भाटियाने चर्मकाराचा हुकूम ऐकावा लागणार. पंक्तीस बसविणे निराळे व पंक्तीच्या अग्रस्थानी बसविणे निराळे. १९१० पासून बाळूंच्या चाहत्यांनी दरवर्षी त्यांचे नाव कप्तानीसाठी पुढे केले व दरवर्षी ते मागे ठेवण्यात आले. १९०७ साली हिंदू, पारशी व युरोपियन अशी तिरंगी लढत सुरू झाली होती. १९१२ त मुसलमान संघ आल्यावर ती चौरंगी झाली. सामने वाढले, प्रेक्षक वाढले, तिकिटाचे उत्पन्न वाढले, आणि प्रत्येक वर्षी हिंदूंची गोलंदाजी मुख्यतः ज्याच्या खांद्यावर, त्यास वगळून दुसरा कोणीतरी कप्तान. १९१३ साली मुकुंद पै कप्तान झाले तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की, हा मान वास्तविक ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंचा आहे. पै ब्राह्मण होते. त्यांच्या ह्या सरळपणाबद्दल आम्हांस आदर वाटतो; परंतु ज्या समितीने निवड केली तिच्या कानात हे शब्द शिरले नाहीत. किंमत किती हे ठाऊक नसलेला ऋणको आणि ठाऊक असून न देणारा ऋणको, ह्यांत फरक आहे. पैंच्या उद्गारानंतर ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

१९२० साली प्रकरण हातघाईवर आले. त्या वर्षी बाळूंस संघातूनच वगळण्यात आले. वयाचे कारण सांगता आले असते. ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. परंतु पै आजारी पडल्यावर मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी कप्तानी पुण्याचे दि. ब. देवधर ह्यांच्याकडे गेली आणि संघातच असलेल्या, ज्येष्ठतेने व कर्तृत्वाने अधिकारी अशा पालवणकरांचा विचार झाला नाही. देवधर हे थोर फलंदाज, ह्यात वाद नाही, आणि दोष त्यांचाही नव्हे. कप्तानीसाठी त्यांनी कोणाच्या पाया पडल्याचे कोठे नमूद नाही. शिवराम व विठ्ठल ह्या दोघा बंधूंनी मात्र संघातून अंग काढून घेतले व त्याची कारणे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केली. आपणांस डावलण्याचे कारण जात हेच आहे, असा त्यांचा स्पष्ट आरोप होता. आमच्या मते हिंदी क्रिकेटच्या इतिहासात ह्या कृत्याची योग्यता कोणत्याही शतकाहून कमी नाही. ज्यांचे पोट खेळावर व खेळातून मिळालेल्या नोकरीवर चालते त्यांनी मानासाठी खेळ सोडणे म्हणजे काय, हे नोकरदार वाचक जाणतील.

ह्या बहिष्काराने समितीची झोप मोडली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै कप्तान म्हणून परतले, बाळूंस परत बोलाविण्यात आले व उपकप्तान नेमण्यात आले, बंधूही परतले. सामना चालू असता पै काही वेळ मैदान सोडून गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती राहिली. एवढीच त्यांची कप्तानी. वीस वर्षांच्या मालाची किंमत म्हणून कप्तान बाहेर गेला असता मिळालेले काही तास!

१९२१ नंतर बाळू मोठ्या सामन्यांतून निवृत्त झाले. तेहतीस मोठे सामने, १७९ गडी, आणि दर गड्यामागे पंधरा धावांच्या किंचित वर, असा त्यांचा नोंदलेला हिशेब आहे. जे त्यांच्या उमेदीचे दिवस होते त्यांतील बहुतेक सामन्यांची अशी नोंद धरलीच जात नाही; नाहीतर आकडा कितीतरी वाढता.

राहिलेली किंमत १९२३ साली चुकती झाली, पण धाकट्या भावाच्या हाती. त्या वर्षी विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. मध्यंतरी असहकारितेची चळवळ होऊन गेली होती व अस्पृश्यता हा कलंक आहे असे गांधीजी उच्चरवाने सांगत होते. १९२० चा बहिष्कारही कोणी विसरले नव्हते. गांधीजींच्या शब्दाने मने वळली की पालवणकरांच्या नकाराने, हा तराजू आम्ही वाचकांच्या हाती देतो. आमचे पारडे नकाराकडे झुकते. विठ्ठलांच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांस हरवून चौरंगी जिंकली आणि प्रेक्षकांनी त्यांस खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. ज्यास शिवू नये त्यास खांद्यावर घेतले, आणि खांदे सर्व जातींचे होते. १९२५ व १९२६ सालीही विठ्ठलच कप्तान व हिंदूच विजयी. पुढे १९४८ साली विठ्ठलांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ ह्या नावाने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मराठीत खेळाडूच्या हातची पुस्तके तेव्हा किती विरळा, हे ध्यानात घेता ते जपून ठेवण्याजोगे आहे.

बाळू मात्र दुसऱ्या मैदानात उतरले होते, आणि तेथे त्यांचा पवित्रा पुष्कळांस कोड्यात टाकतो. १९३२ साली अस्पृश्यांस विभक्त मतदारसंघ असावेत की नाही हा प्रश्न पेटला. आंबेडकर विभक्त मतदारसंघांच्या बाजूचे. बाळूंनी मद्रासचे एम. सी. राजा ह्यांच्या बरोबर संयुक्त मतदारसंघांचा पक्ष धरला. सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्यास प्राणांतिक उपोषण मांडले व २४ तारखेस पुणे करार झाला. विभक्त मतदारसंघ गेले, राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. त्या करारावर आंबेडकरांची सही आहे आणि बाळूंचीही आहे. १९३५ साली येवल्यास आंबेडकरांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. ती बाळूंस रुचली नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत मुंबईतील राखीव जागेसाठी काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळूंस उभे केले. ज्याने मानपत्र लिहिले तो एका बाजूस, ज्यास मानपत्र मिळाले तो दुसऱ्या बाजूस. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५.

ह्यावरून बाळूंस सवर्णांच्या हातचे बाहुले म्हणणारे लोक आहेत. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या माणसाने मंडपाबाहेरचा मातीचा पेला पाहिला आणि आपल्या हयातीतच भावास सर्व जातींच्या खांद्यांवर पाहिले, त्यास समाज बदलतो असा विश्वास वाटला तर तो त्याच्या अनुभवाचा विश्वास होता. उलट, असा एक पेला आत येण्यासाठी प्रत्येक अस्पृश्याने साहेबाचे आठ गडी बाद करावयाचे काय, असा आंबेडकरांच्या पक्षाचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नास बाळूंच्या चरित्रात उत्तर नाही. लाखांत एकास जो डावा हात लाभतो तो न लाभलेले बाकीचे सर्व विहिरीबाहेरच उभे होते. मतदारांनी कोणाचे म्हणणे मानले ते आकडे सांगतातच. पण अंतर दोन हजार वीस मतांचेच होते, आणि बाळूंस मत देणारेही अकरा हजारांवर होते, हेही विसरू नये.

ज्या सामन्यांनी बाळूंस नाव दिले ते १९३७ त ‘इतर’ संघ येऊन पंचरंगी झाले आणि १९४६ साली कायमचे बंद पडले. धर्मावरून संघ पाडणे नव्या राष्ट्रास शोभत नाही, ही टीका कित्येक वर्षे चालली होती. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. अंत्यविधीस लोकसभेचे सभासद आले होते, आणि जुने क्रिकेट खेळाडूही आले होते. अस्पृश्यतेस गुन्हा ठरविणारा कायदा त्याच वर्षी, त्यापूर्वी थोडेच दिवस, अमलात आला होता.